आठ वर्षांच्या वॉटर-कूल्ड पीसीचं अपग्रेड: आधी लूप उघडा, मग कार्ड घ्या

निपाणीच्या एका पॅटर्न डिझायनरने (फाउंड्रीच्या ओतकामाचे नमुने आखणाऱ्याने) विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. २०१७ च्या शेवटी पुण्याहून पार्ट आणून त्यांनी स्वतः पीसी बांधला. आय-सेव्हन ७७००के प्रोसेसर, जीटीएक्स १०८० टीआय कार्ड, दोन्हींवर वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा, एक ३६० आणि एक २४० मिलिमीटरचा तांब्याचा रेडिएटर, डी५ जातीचा पंप, पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्या; पाण्याचा हा सगळा फेरा म्हणजे लूप. दिवसा फाउंड्रीसाठी सॉलिड मॉडेलिंग, रात्री रेंडर, अधूनमधून कास्टिंग सिम्युलेशन. आता विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ साठी हा प्रोसेसर यादीत नाही, पंप घरघरतोय आणि पूर्वी ४५ अंशांवर राहणारं कार्ड रेंडरला ६८ वर जातंय. घ्यायचंय ते रायझन ९ ९९००एक्स आणि आरटीएक्स ५०७० टीआय. त्यांना चार गोष्टी हव्यात. जुनं वॉटर-कूलिंगचं सामान चालेल का? कार्डाचा ब्लॉक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर बनवून घेता येईल का? पावसाळ्यातल्या दमट हवेने आत पाणी सुटेल का? की हे सगळं सोडून एअर कूलर लावावा?

सरळ उत्तर आधी देतो. रेडिएटर ठेवा. पंप बहुतेक राहील. प्रोसेसरचा ब्लॉक, त्याला बोर्डावर आवळणारी नवी पट्टी लावून, चालायची शक्यता चांगली आहे. कार्डाचा ब्लॉक बाद, तो १०८० टीआयबरोबरच विकून टाका. नळ्या, ओ-रिंगा आणि पाणी मात्र कितीही चांगलं दिसत असलं तरी सगळं नवं. आणि नव्या कार्डाचे पैसे मोजण्याआधी जुना लूप उघडून आत काय आहे ते बघा. बहुतेक जण उलटं करतात. कार्ड घरात येतं, मग त्याला ब्लॉक शोधतात, तो मिळत नाही, आणि तोवर कार्ड परत करायची मुदत उलटून गेलेली असते.

४५ चं ६८ का झालं ते आधी बघू, कारण याच्या उत्तरावर पुढचा खर्च ठरतो. तुम्ही कार्डाचं तापमान सांगितलंत, पाण्याचं नाही सांगितलं. वॉटर-कूलिंगमध्ये बघायचा आकडा पाण्याचा. आटे असलेला बारका टेम्परेचर सेन्सर मिळतो, तो रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे लूपमधल्या पाण्याच्या टाकीच्या, मोकळ्या भोकात बसतो. त्याची वायर मदरबोर्डावर दोन पिनांचं सेन्सर हेडर असेल तर तिथे लागते, नसेल तर छोटा फॅन कंट्रोलर घ्यावा लागतो. समजा रेंडर चालू असताना खोली ३० अंशांवर आणि पाणी ४० वर आहे, आणि कार्ड तरीही ६८ दाखवतंय. म्हणजे रेडिएटर आपलं काम नीट करतोय, अडथळा ब्लॉकमध्ये आहे. कार्ड पूर्ण झाकणाऱ्या चांगल्या फुल-कव्हर ब्लॉकमध्ये पाणी आणि चिप यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. अठ्ठावीसचा फरक दिसला तर ब्लॉकच्या बारीक खाचा बुजल्यात किंवा चिप आणि ब्लॉक यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळलीय. याउलट पाणीच ५२ वर असेल तर गुन्हेगार बाहेर आहे: रेडिएटरच्या जाळीत धूळ, पंखे मंद, किंवा पंप पाणी ढकलत नाही.

तुमच्या बाबतीत मला दोन्ही वाटतंय, कारण पंपही घरघरतोय. डी५ च्या आतलं बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतं. रोटर एका सिरॅमिक गोळीवर फिरतो. रंगीत कूलंटचा गाळ तिथे बसला की आवाज येतो, हवा अडकली तरी येतो. पंपाची मोठी गोल रिंग हाताने फिरवून उघडते, रोटर वर ओढला की गोळीवरून निघतो. मऊ ब्रशने धुवा, गोळीवर चरा पडलाय का ते नखाने बघा. चरा नसेल तर हा पंप अजून काही वर्षं चालेल. माझ्याकडे आलेल्या दहातल्या सात-आठ घरघरत्या डी५ ना धुण्यापलीकडे काही लागलेलं नाही. एक मात्र पाळा: पाण्याशिवाय तो एक क्षणही फिरवू नका. 'चालतो का बघू' म्हणून कोरडा फिरवला की तीच गोळी जाते.

आता ब्लॉक उघडा. स्क्रू क्रॉस पद्धतीने, थोडे थोडे ढिले करा. आत तांब्याच्या किंवा निकेलच्या खाचा दिसतील, साधारण केसांच्या कंगव्यासारख्या, फक्त फार बारीक. त्यात पांढरट चिकट थर असेल तर तो पीव्हीसी नळीतून सुटलेला प्लॅस्टिसायझर. तुमच्या नळ्या पीईटीजीच्या आहेत, तरी पंपाजवळ एखादा मऊ तुकडा असू शकतो. रंगीत, भुकटीसारखा गाळ असेल तर तो कूलंटचा रंग. हिरवट, बुळबुळीत असेल तर शेवाळ. निळसर-हिरवा खडबडीत डाग असेल तर तांबं गंजतंय. गंजाची कुठलीही खूण दिसली की थांबा आणि लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एखादा भाग आहे का ते शोधा. तांबं, पितळ, निकेल एकत्र नांदतात. ॲल्युमिनियम त्यांच्यात आलं की पाण्यातून बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी सगळीकडे फिरते. हे आवर्जून सांगतोय, कारण आपल्याकडे बाइकचा रेडिएटर पीसीला लावायचा प्रयोग पोरं करतात. तो ॲल्युमिनियमचा असतो.

धुताना एक चूक टाळा, माझ्या हातून ती झालीय. २०१५ साली एका गिऱ्हाइकाच्या ब्लॉकचा ॲक्रिलिकचा वरचा भाग मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, कारण धातूवरची पेस्ट आपण त्यानेच पुसतो. आठवडाभरात स्क्रूच्या भोकांपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा निघाल्या आणि एके दिवशी थेंब सुटला. मदरबोर्ड मी भरून दिला. ॲक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, एवढंच वापरा. उघड्या तांब्याला पातळ केलेलं व्हिनेगर पाच-दहा मिनिटं चालतं. निकेलच्या मुलाम्याला तेही नको.

रेडिएटरबद्दल तुम्हाला उगीच शंका आहे. आत गाळ नसेल आणि जाळी वाकलेली नसेल तर २०१७ चा तांब्याचा रेडिएटर आणि आजचा रेडिएटर यांत उष्णता टाकायच्या बाबतीत मोठा फरक नाही. हिशेब करू. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतक्या रेडिएटरने मध्यम वेगात साधारण १०० वॉट निघतात, पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश वर ठेवून. हा ठोकताळा आहे, पण मला तो वर्षानुवर्षं उपयोगी पडलाय. तुमच्याकडे ३६० आणि २४० मिळून पाच पंखे, म्हणजे ५०० वॉट. आरटीएक्स ५०७० टीआयची मर्यादा ३०० वॉट, ९९००एक्स पूर्ण भारावर सॉकेटमधून १६२ वॉट घेतो. बेरीज ४६२. बसतंय. कुणाच्या सांगण्यावरून ५०९० वर गेलात तर तिचे ५७५ वॉट एकटीचे, मग हा रेडिएटर पुरणार नाही आणि केसही बदलावा लागेल.

खोलीचं तापमान यात मिळवा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, रात्री बऱ्यापैकी गार होतं. पत्र्याखालच्या किंवा स्लॅब तापलेल्या खोलीत एप्रिलमध्ये ३६ अंश असतील तर पाणी ४६-४८ वर जाईल. अथणी, चिक्कोडीकडच्यांनी त्यात आणखी दोन-तीन अंश धरावेत. ५० पर्यंत मला काळजी वाटत नाही. डी५ ला साधारण ६० अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि पीईटीजीच्या नळ्या त्याच सुमाराला फिटिंगच्या तोंडाशी मऊ पडायला लागतात. नळी मऊ पडली की ओ-रिंगची पकड सुटते. उन्हाळ्यात रात्रभर रेंडर टाकून झोपणाऱ्याने पीईटीजी ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत.

लूपमध्ये कोणता भाग आधी यावा, यावर पोरं तासन्‌तास वाद घालतात. एका मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर एका अंशामागे ते सुमारे ७० वॉट वाहून नेतं. तुमचे ४६२ वॉट म्हणजे साडेसहा अंशांचा फरक, आणि डी५ वर तीन-चार लिटर सहज फिरतात, म्हणजे जेमतेम दोन अंश. नळ्या जशा सोयीच्या पडतील तशा जोडा. पंपाच्या लगेच आधी आणि वर रिझर्व्हॉयर हवा, एवढा एकच नियम.

आता कार्ड. ५०७० टीआयचं एनव्हिडियाने स्वतःच्या नावाचं कार्ड, म्हणजे फाउंडर्स एडिशन, काढलंच नाही. बाजारातलं प्रत्येक कार्ड कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या स्वतःच्या सर्किट बोर्डावर आहे, आणि बोर्ड बदलला की ब्लॉक बदलतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे बोर्डही वेगळे असतात. म्हणून आधी ब्लॉक बनवणाऱ्याची कम्पॅटिबिलिटीची यादी उघडा, त्यात ज्या कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव आहे आणि ज्याचा ब्लॉक भारतात पोहोचता येतो, तेच कार्ड घ्या. ५०८० आणि ५०७० टीआय एकाच चिपवरून, जीबी२०३ वरून, निघालेत. त्यामुळे काही मालिकांत दोघांचा ब्लॉक एकच असतो. यादी बघताना ५०८० चंही पान बघा. बाहेरून मागवणार असाल तर भावात कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरूनच तुलना करा, नाहीतर शेवटी आकडा भलताच होतो.

कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे दुकानदाराला तोंडी विचारू नका, लिहून घ्या. आणि नवं कार्ड आल्या आल्या ब्लॉक चढवू नका. पहिले तीन आठवडे ते त्याच्या मूळ पंख्यांवरच चालवा, रात्र रात्र रेंडर टाका, मेमरी तपासा. नवीन कार्डात दोष असेल तर तो बहुधा याच काळात बाहेर येतो, आणि तोवर स्क्रूवरचं सील शाबूत असतं. तेवढे दिवस प्रोसेसरचा एकट्याचा लूप मऊ नळीवर चालवा.

उद्यमबागेत ब्लॉक बनवायचं विचारलंत. आपल्या गावातल्या मशिनिंगचा मला अभिमान आहे, हायड्रॉलिक्सचं काम देशभर जातं. म्हणूनच नीट सांगतो. तांब्याची प्लेट फेस करणं, खिसे काढणं, आटे पाडणं यांतलं काहीही आपल्या लोकांना अवघड नाही. अवघड आहेत ते दोन भाग. पहिला, चिपच्या वरच्या खाचा. त्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक आणि तितक्याच पातळ भिंतींच्या लागतात. साध्या एंड मिलने त्या निघत नाहीत, पातळ चकतीची करवत (स्लिटिंग सॉ) आणि मऊ तांब्याला सांभाळणारा माणूस लागतो. दुसरा भाग जास्त धोक्याचा. कार्डावर चिपभोवती मेमरी, कॉइल, कपॅसिटर वेगवेगळ्या उंचीचे असतात. त्यांच्यावर ठेवायचे उष्णता वाहणारे मऊ थर्मल पॅड अर्धा, एक, दीड मिलिमीटरचे. एका कॉइलची उंची मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांनी चुकली तर ब्लॉक तिच्यावर टेकतो, चिपवर टेकतच नाही. पहिल्याच चाचणीत एवढं महाग कार्ड पणाला लावायचं असेल तर करा, माझा सल्ला नाही. पण प्रोसेसर ब्लॉकची पट्टी, पंपाचा स्टँड, पाणी काढायच्या व्हॉल्व्हचा छोटा पितळी ठोकळा ही कामं उद्यमबागेत जरूर द्या. तुम्ही स्वतः ड्रॉइंग काढता, तिथे निम्मं काम होतं.

प्रोसेसरचा ब्लॉक. तुमच्या ११५१ सॉकेटभोवतीची, ब्लॉक बसवायची भोकं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात आहेत. इंटेलच्या १७०० सॉकेटने ती ७८ वर नेली, त्यामुळे नव्या इंटेलला जुनी पट्टी बसत नाही. रायझनच्या नव्या एएम५ सॉकेटने मात्र जुन्या एएम४ चीच भोकं ठेवली. २०१७ च्या बऱ्याच ब्लॉकना एएम४ ची पट्टी मिळायची, ती बोर्डाच्या मूळ मागच्या प्लेटवर बसणारी असेल तर चालेल. फक्त एएम५ ची मागची प्लेट सॉकेटला कायमची जोडलेली असते, ती काढायचा प्रयत्न करू नका, स्क्रू तिच्यातच बसतात. आणि अपेक्षा आधीच ठरवून घ्या: हा प्रोसेसर पाण्यावरही पूर्ण भाराला सत्तर-ऐंशीत दिसेल. त्याचे गाभे (कोअर) बारक्या चिपमध्ये आहेत, वरची धातूची टोपी जाड आहे, उष्णता त्या चिंचोळ्या जागेतून निघायला वेळ घेते. ९५ ही त्याची बनवणाऱ्यानेच ठरवलेली वरची मर्यादा आहे. मग पंखे कशावर चालवायचे? प्रोसेसरच्या तापमानावर लावलेत तर फाइल उघडली तरी पंखे किंचाळतील. पाण्याच्या सेन्सरवर लावा. पाणी हळू तापतं, पंखेही हळूच चढतात.

रॅम दोनच काड्यांत घ्या, ३२ जीबीच्या दोन. एएम५ वर चार काड्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. २०२५ च्या शेवटापासून डीडीआर५ चे भाव फार चढलेत, म्हणून बजेट करताना रॅमचा भाव आधी काढा आणि मग कार्ड ठरवा. सिम्युलेशनला रॅम कमी पडली तर महागडं कार्ड काही करू शकत नाही.

पॉवर सप्लाय बदला. वॉट पुरतील, पण त्याला आठ वर्षं झालीत आणि नव्या कार्डाचं सोळा पिनांचं कनेक्टर त्याच्यात नाही. थेट ती वायर असलेला ८५० वॉटचा, एटीएक्स ३.१ या नव्या मानकाचा घ्या, अडॅप्टर नको. वायर कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ द्या, मगच वळवा, आणि खटका बसेपर्यंत पूर्ण आत ढकला. लाईट गेली तर पंप बंद पडेल याची भीती नको, पीसीही त्याच क्षणी बंद पडतो.

आता हायड्रॉलिक्सवाल्या मित्रांकडून मिळणाऱ्या सल्ल्याबद्दल. पीसीच्या फिटिंगचे आटे म्हणजे जी १/४, तुमच्या भाषेत पाव इंची बीएसपी पॅरलल, इंचाला १९ आटे. आटे तेच असल्यामुळे हायड्रॉलिकची स्टीलची फिटिंग त्यात जाते, पण ती वापरू नका. ती गंजते, आणि तिचा आट्याचा भाग लांब असतो, तो ब्लॉकच्या आत जाऊन टेकतो किंवा ॲक्रिलिक फोडतो. टेफ्लॉन टेपही नको, रबराच्या कडेचा डाउटी वॉशरही नको. इथे सील आट्यात होत नाही, कॉलरखालच्या ओ-रिंगवर होतं. हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. पान्हा लावलात की ॲक्रिलिक गेलं.

ओ-रिंगा मात्र हायड्रॉलिक्सच्या दुकानातून जरूर घ्या, जुनी रिंग नमुन्याला न्या. मागताना ईपीडीएम रबराची मागा. तेलासाठी नायट्राइलच्या रिंगा देतात, पाणी आणि ग्लायकोलला ईपीडीएम जास्त टिकते. आणि बसवताना फिटर सवयीने बोटाला ग्रीस लावतो, ते इथे चालत नाही. पेट्रोलियमच्या ग्रीसने ईपीडीएम फुगते. सिलिकॉन ग्रीस लावा, किंवा नुसतं पाणी.

नळ्या ईपीडीएमच्या काळ्या, मऊ घ्या. कडक नळ्या दिसायला सुरेख असतात, आणि तुम्ही त्या स्वतः वाकवल्यात, जीव तुटणार हे समजतं. पण नव्या कार्डाची भोकं जुन्या जागी येणार नाहीत, म्हणजे निम्म्या नळ्या तशाही जाणार. पुढच्या वेळी कार्ड काढायचं तर मऊ नळीत अर्ध्या तासाचं काम, कडक नळीत अर्धा दिवस. कामाचं मशीन आहे, मऊ नळी लावा.

पाणी. बेळगावला येणारं राकसकोप धरणाचं पाणी प्यायला गोड, तरी लूपमध्ये नको. बोअरचं तर नकोच. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी धुण्यासाठी चालेल. रेडिएटर त्याने गरम करून चार-पाच वेळा हलवून काढा, बाहेर येणारं पाणी पांढऱ्या वाटीत धरून बघा, कण दिसेनासे झाले की पुरे. शेवटचं भरायचं ते गंजरोधक आणि जंतुरोधक घातलेलं तयार, बिनरंगी कूलंट. रंग आणि चमकी ज्यांना शोभेसाठी हवी त्यांनी घ्यावी, रात्री रेंडर टाकणाऱ्याने घेऊ नये. बाटलीवर वीज वाहत नाही असं लिहिलेलं असलं तरी महिन्या-दोन महिन्यांत धातूंचे कण मिसळून ते वाहायला लागतं. त्या भरवशावर गळती सोसू नका.

गळतीची चाचणी पाणी भरण्याआधी हवेने करा. गेज असलेला छोटा हातपंप मिळतो, लूपमध्ये अर्धा बार दाब भरायचा आणि अर्धा तास काटा बघायचा. हलला नाही तर पाणी भरा. बाइकच्या टायरला हवा भरतो त्या दाबाने मात्र नको. टायरला २८-३० पीएसआय लागतात, इथे सातच. पाणी भरल्यावर मदरबोर्ड, प्रोसेसर, कार्ड यांच्या सगळ्या पॉवर वायर काढून ठेवा आणि फक्त पंपाला वीज द्या. मदरबोर्डाशिवाय पॉवर सप्लाय चालू व्हावा म्हणून त्याच्या २४ पिनांच्या वायरवर जंपर लावतात, हिरवी आणि शेजारची काळी जोडून. आता वायरी सगळ्या काळ्या येतात, म्हणून अंदाजाने तार घालण्यापेक्षा तयार जंपर घ्या. प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवा, केस चारी बाजूंना कलवून हवा काढा, आणि रात्रभर चालू द्या.

पावसाळ्याचं उत्तर सोपं आहे. खानापूर, जांबोटीकडे जुलैत भिंती घाम गाळतात हे खरं. पण थेंब धरतात ते हवेपेक्षा गार असलेल्या वस्तूवर, ताकाच्या गार लोट्यावर धरतात तसे. रेडिएटर आणि पंख्यांनी चालणारं पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही, नेहमी थोडं गरमच राहतं. त्यामुळे नळीवर दव येणार नाही. बर्फ घालणं किंवा चिलर जोडणं ही वेगळी गोष्ट, ते करू नका. दमट हवेत खरा त्रास जाळीतल्या धुळीचा होतो, ती चिखलासारखी चिकटते. जूनच्या आधी एकदा ब्लोअर मारून घ्या, पंख्याचं पातं बोटाने धरून.

शेवटचा प्रश्न, सोडून द्यावं का. पीसी जर फाउंड्रीच्या ऑफिसात ठेवणार असाल तर होय, सोडा. तिथल्या हवेत वाळू आणि लोखंडाची भुकटी असते, रेडिएटर महिन्यात भरेल आणि बोर्डावरही ती बसेल. चांगला टॉवर एअर कूलर ९९००एक्सला पुरतो, आणि हल्लीच्या कार्डांचे मूळ कूलर मोठे आणि बऱ्यापैकी शांत असतात. पण तुम्ही लिहिलंय की मशीन घरी, झोपायच्या खोलीत आहे आणि रात्री रेंडर चालतो. मग लूप ठेवा. पाच मोठे पंखे हळू फिरवून ४६० वॉट काढायचे, आणि तेही शेजारी कुणी झोपलेलं असताना, हे एअर कूलरला जमत नाही. रेडिएटर आणि पंप तुमच्याकडे आहेतच. फक्त वर्षाकाठी एक रविवार त्याला द्यायची तयारी हवी.

आधी लूप रिकामा करा, कार्डाचा आणि प्रोसेसरचा ब्लॉक उघडून खाचांचे जवळून फोटो काढा, पंपाच्या रोटरचाही. ते आणि ज्या कार्डावर डोळा आहे त्याचं पूर्ण मॉडेल नाव मला पाठवा, मग ऑर्डर टाका. मशीन बेळगावला आणणार असाल तर भरलेल्या लूपसकट आणू नका. पाणी काढून, कार्ड वेगळं खोक्यात घालून, केस गाडीच्या सीटवर आडवा ठेवून आणा.